जुना बीईएमएल डी ५० चेन डोझर : एक सीझन वापरून लिहिलेला रिव्ह्यू

आधी निकाल सांगतो, ज्यांना घाई आहे त्यांनी एवढंच वाचलं तरी चालेल. शेताच्या सपाटीकरणाला जुना डी ५०, म्हणजे पुढं माती लोटायचं ब्लेड (पातं) असलेला आणि चाकाऐवजी लोखंडी चेनवर चालणारा बीईएमएलचा डोझर, आजही एक नंबर मशिन आहे, फक्त घेताना इंजिनच्या आधी चेन बघा. खालचं सगळं म्हणजे चेन, रोलर (चेन ज्यांच्यावरनं फिरते ती छोटी चाकं), आयडलर (पुढचं मोठं चाक), स्प्रॉकेट (चेन ओढणारं मागचं दातेरी चाक) धड असेल तर वरचं काहीही दुरुस्त होतं, आणि खालचं बसलेलं असेल तर वर कितीही चकाचक रंग असूद्या, पहिल्या सीझनची कमाई तिथंच जिरते.

आमचं काम सोलापूर जिल्ह्यात, मंगळवेढा आणि सांगोला ह्या दोन तालुक्यांत. मंगळवेढ्याकडं ज्वारीची खोल काळी, सांगोल्याकडं डाळिंबाची हलकी मुरमाड रानं, म्हणजे एकाच मशिनला दोन टोकांच्या मातीत राबावं लागतं. जेसीबी गावोगाव ढिगानं आहेत तरी डोझर घेतला, कारण सपाटीकरणाला जेसीबी लावला की तो माती उचलून इकडची तिकडं टाकतो, चाकानं रान दाबतो, आणि लेव्हल येत नाही ती नाहीच, मग मागनं परत ट्रॅक्टरची केणी फिरवा. डोझर कापतो, लोटतो आणि पसरत जातो सगळं एकाच फेरीत. वजन अकरा-बारा टनाच्या घरात असलं तरी ते लांबलचक चेनवर वाटलं जातं, त्यामुळं रान त्या मानानं कमी दाबलं जातं. यापेक्षा मोठं मशिन घ्यावं का असं बरेच जण विचारतात. माझं मत, आपल्याकडच्या दोन-चार एकराच्या तुकड्यांना नको. मोठं मशिन बांधाच्या कोपऱ्यात वळता वळत नाही, डिझेल जास्त, ट्रेलर मोठा लागतो आणि गावाकडच्या अरुंद रस्त्यावरनं न्यायचा ताप वेगळा. साधारण शंभर हॉर्सपॉवरच्या वर्गातलं हे मशिन शेताला बरोबर मापाचं आहे.

बीईएमएल म्हणजे १९६४ ला सुरू झालेली भारत अर्थ मूव्हर्स, सरकारी कंपनी, डोझरचा कारखाना कर्नाटकात कोलार गोल्ड फील्डला, आणि ह्या जुन्या मॉडेलचं डिझाइन मूळ जपानच्या कोमात्सुचं. कोमात्सुनं डी ५० नावाचा डोझर १९४७ लाच काढला होता, म्हणजे नाव किती जुनं ते बघा. नव्या मालकाला ह्याचा फायदा असा की हे मशिन खोललेला मिस्त्री कुठं ना कुठं भेटतो आणि पार्ट मिळतात. सेन्सर नाही, कंट्रोलर नाही, चार सिलिंडरचं साधं डिझेल इंजिन, गिअर, क्लच, लिव्हर. बंद पडलं तर कारण हातानं आणि कानानं शोधता येतं, लॅपटॉपवाल्याची वाट बघत रानात बसावं लागत नाही.

आता घेताना काय बघायचं. विक्रीला लावलेलं प्रत्येक मशिन पिवळं धमक रंगवलेलं असतं, त्यामुळं रंग सोडून द्या आणि तास मीटर पण सोडून द्या, जुन्या मशिनचा मीटर एक तर बंद असतो नाहीतर बदललेला असतो. सोबत टेप, टॉर्च, एक सरळ लोखंडी पट्टी आणि अंगावर जुने कपडे, कारण खाली झोपावं लागतंच. विकणाऱ्याला आदल्या दिवशी फोन करून सांगायचं की मी येईपर्यंत चालू करू नका. गरम इंजिन सगळ्यांचंच लगेच लागतं, खरी परीक्षा सकाळच्या थंड स्टार्टला. चालू झाल्यावर ऑइल भरायचं झाकण काढून बघा, तिथनं धूर फसफस करून येत असेल तर रिंगा गेल्यात. थोडा वेळ पांढरा धूर आला तर चालतं, पण मशिन गरम झाल्यावरपण निळा धूर राहिला तर ऑइल खातंय.

पण हे सगळं नंतर, आधी चेन. चेन ताणून घ्यायला लावायची आणि मग चार लिंकचं (कड्यांचं) माप घ्यायचं, एका पिनच्या मध्यापासून चार लिंक सोडून पुढच्या पिनच्या मध्यापर्यंत. डी ५० ची एका लिंकची पिच, म्हणजे एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंतचं अंतर, साधारण १७५ मिलिमीटर असते, म्हणजे चारची मिळून सातशेच्या आसपास यायला पाहिजे. त्यापेक्षा जेवढी जास्त भरेल तेवढे पिन-बुश (कड्या जोडणारी पिन आणि तिच्यावरची नळी) आतनं झिजले. दोन्ही बाजूला मोजा आणि एकाच बाजूला दोन-तीन ठिकाणी मोजा, कारण काही जण चार लिंक बदलून तेच दाखवतात. मग स्प्रॉकेटचे दात, टोकदार झाले असतील किंवा एका बाजूला झुकले असतील तर ते पण खर्चात धरा. नवी चेन झिजलेल्या स्प्रॉकेटवर चढवली तर ती पण लवकर खाल्ली जाते. प्रत्येक रोलर हातानं पुसून बघायचा, बाजूनं तेलाची ओल दिसली की सील गेलंय आणि तो रोलर आज ना उद्या जाम होणार. वरचा टॉप रोलर एका बाजूला सपाट झाला असेल तर तो फिरतच नव्हता, चेन त्याच्यावर नुसती घासत होती.

फायनल ड्राइव्हचं, म्हणजे स्प्रॉकेट फिरवणाऱ्या शेवटच्या गिअरपेटीचं, ऑइल थोडं काढून बघू द्या म्हणून सांगा. बारीक चमचम थोडी असतेच, पण बोटाला लागेल असा लोखंडाचा कीस किंवा तुकडा आला तर तिथनंच माघारी फिरा. दूधकट पांढरं असेल तर पाणी शिरलंय. विकणारा ऑइल काढायला नाही म्हणाला तरी माघारी फिरा. मग चालवून बघताना ब्लेड मातीत घालून लोड द्यायचा आणि एकेक लिव्हर ओढून दोन्हीकडं वळवून बघायचं. मोकळ्यावर सगळी मशिनं वळतात, लोडवर स्टिअरिंग क्लच (एकेका बाजूच्या चेनची ताकद तोडून मशिन वळवणारा क्लच) घसरतो का ते कळतं. आणि कागद. आमच्या मशिनला जेसीबीसारखं आरसी बुक नव्हतं, चेनच्या मशिनला बहुतेक नसतंच, म्हणून मूळ बिल, मधल्या सगळ्या मालकांचे विक्रीचे कागद, कर्ज असेल तर फायनान्सची एनओसी, आणि चासी नंबर स्वतः डोळ्यानं वाचून जुळवलेला. ह्यात भीड ठेवू नका.

घरी आणल्यावर पहिलं काम सगळी ऑइलं आणि सगळे फिल्टर बदलले. आधीच्या मालकानं कधी बदललं होतं ह्याला काही अर्थ नसतो. हायड्रॉलिकचे होज पाइप वाळून तडकलेले होते ते नवे घातले. बेल्ली गार्ड म्हणजे इंजिनखालचा पत्रा खोलला तर आत तेलात भिजलेली माती आणि वाळका पाचोळा कोंबून भरलेला. हे अगदी महत्त्वाचं आहे म्हणून सांगतो, ज्वारीच्या रानात काम केलं की धाटं, पाचट, धसकटं सगळं आत जाऊन बसतं, वरनं तेल गळतं, आणि बाजूला सायलेन्सर तापलेला. जुन्या मशिनला आग लागायचं एक मोठं कारण हेच. आम्ही खालचा पत्रा ठरलेल्या वेळी खोलून साफ करतो आणि सीटजवळ आग विझवायचा सिलिंडर बांधून ठेवलाय. रेडिएटरच्या जाळीत पण हाच कचरा बसतो, मशिन तापायला लागलं की पाणी बघायच्या आधी जाळी बघा.

बॅटऱ्या दोन, बारा-बारा व्होल्टच्या, जोडून चोवीस होतात. एक बदलून एक जुनी ठेवली तर नवी पण लवकर मरते, दोन्ही एकदम बदला. आणि रानात स्टार्ट होईना म्हणून ट्रॅक्टरच्या बॅटरीला वायरी लावायचा खेळ करू नका, ती बाराची आहे.

चेनचा ताण हा रोजचा अभ्यास आहे आणि माझ्या मते मालकानं स्वतः करायचं एक नंबरचं काम. सपाट जागेवर मशिन थोडं पुढं घ्यायचं आणि ब्रेक न मारता आपोआप थांबू द्यायचं. मग आयडलर आणि टॉप रोलर ह्यांच्यावर लोखंडी पट्टी आडवी ठेवायची आणि मधोमध पट्टी आणि चेनच्या प्लेटमधलं (प्लेट म्हणजे चेनवरचे जमिनीला टेकणारे पत्रे) अंतर मोजायचं, वीस ते तीस मिलिमीटर असलं की बरोबर. ढिली असेल तर ग्रीस गननं ताण सिलिंडरमध्ये ग्रीस मारायचं, मशिन एकदा पुढं-मागं घेऊन परत मोजायचं. जास्त ताणली असेल तर ग्रीस सोडायचा प्लग हळूहळू ढिला करायचा, एका आट्यापेक्षा जास्त कधीही नाही, आणि तोंड किंवा हात त्याच्या समोर अजिबात नाही. आतलं ग्रीस भयंकर दाबाखाली असतं, प्लग उडाला तर बंदुकीच्या गोळीसारखा लागतो. ग्रीस येत नाही म्हणून अजून अजून खोलत जाणारे लोक मी बघितलेत, त्यांना हात जोडून सांगणं आहे की असं करू नका, मशिन थोडं पुढं-मागं हलवा, निघतं.

काळ्या रानात ह्यात एक भानगड आहे. काळी ओलसर असली की स्प्रॉकेटच्या दातात आणि रोलरमध्ये थापून बसते आणि चेन आपोआप ताणली जाते, सकाळी बरोबर असलेला ताण दुपारी तारेसारखा कडक झालेला असतो. म्हणून मंगळवेढ्याकडं काम असलं की आम्ही ताण तीसच्या बाजूला ठेवतो, आणि संध्याकाळी काम संपल्यावर फावड्यानं आणि पहारीनं रोलरमधली माती काढल्याशिवाय कुणी घरी जात नाही. ती माती रात्रीतनं वाळली की दगड होते, सकाळी रोलर फिरत नाही, चेन त्याच्यावर घासत जाते. सांगोल्याच्या मुरमात उलटं, तिथं चिकटत काही नाही पण मुरूम कानशीसारखा सगळं घासून नेतो, कटिंग एज, म्हणजे ब्लेडच्या खालची माती कापणारी पट्टी, तर डोळ्यादेखत जाते. कटिंग एज उलटवून दुसऱ्या बाजूनं वापरता येते, पण ती ब्लेडच्या मूळ पत्र्यापर्यंत झिजायच्या आधी उलटवायची. मूळ पत्रा झिजला की वेल्डिंगवाला आणि मोठा खर्च.

पिन-बुश पलटी हा पण असाच प्रकार. बुश एका बाजूनंच झिजतो, म्हणून निम्मा झिजला की चेन वर्कशॉपला नेऊन प्रेसवर पिन-बुश काढून अर्धा फेरा फिरवून परत बसवतात, म्हणजे न झिजलेली बाजू कामाला येते. चेनचं आयुष्य चांगलंच वाढतं. पण वेळ चुकवली आणि बुश फुटायला आला तर पलटी करून काही उपयोग नाही, मग नवीनच. चेनच्या मशिनच्या मेंटेनन्समध्ये जवळजवळ निम्मा खर्च खालच्या सांगाड्याचा असतो असं ह्या धंद्यातली सगळी माणसं सांगतात आणि आमची वही पण तेच सांगते. पार्ट घेताना मात्र जपून. एका दुकानातनं ओरिजनल म्हणून आणलेलं फायनल ड्राइव्हचं सील थोड्याच दिवसात गळायला लागलं, ते काढून परत सगळं खोलायची मजुरी पार्टच्या किमतीपेक्षा जास्त गेली. आता सील आणि बेअरिंग ह्या दोन गोष्टीत आम्ही पैसे वाचवत नाही.

चालवण्याबद्दल. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला पहिले काही दिवस सगळं उलटं वाटतं. हातातल्या लिव्हरनं रेस फिक्स करायची आणि पायातलं पेडल दाबलं की रेस कमी होते. मेन क्लच हाताचा, लिव्हर ओढला की टक्कन् बसल्याचं हाताला कळलं पाहिजे. अर्धवट धरून मशिन सरकवत राहिलं की क्लचच्या प्लेटा जळतात, आणि ते टक्कन् बसणं जाणवेनासं झालं की लगेच ॲडजस्ट करून घ्या, थांबू नका. वळायला डावा लिव्हर ओढला की डावीकडं, ब्रेकचं पेडल सोबत दाबलं की जागच्या जागी.

पण उतारावर ही वळण्याची गोष्ट बदलते आणि नव्या माणसाला हे कुणीतरी सांगायलाच पाहिजे. मशिन उतारावरनं स्वतःच्या वजनानं खाली ढकललं जात असताना नुसता डावा लिव्हर ओढला तर डावी चेन मोकळी सुटते, इंजिनचा अडकाव फक्त उजव्या चेनवर राहतो, म्हणजे डावी चेन जोरात पळते आणि मशिन उजवीकडं वळतं. बांधावर किंवा ओढ्याच्या काठावर हे झालं तर मशिन खाली. आमच्या ऑपरेटर मामांनी पहिल्याच दिवशी मला उतारावर नेऊन हे करून दाखवलं आणि म्हणाले, "मालक, उताराला वळायचंच नाही. सरळ उतरायचं, खाली जाऊन वळायचं." वळावंच लागलं तर लिव्हरसोबत त्याच बाजूचा ब्रेक, गिअर पहिला आणि ब्लेड जमिनीलगत.

मामांची दुसरी शिस्त रिव्हर्सची. तासावर भाडं असल्यामुळं बरेच ऑपरेटर माती लोटून झाली की मागं येताना वरच्या गिअरला पळवतात, शेतकऱ्याला पण बरं वाटतं की मशिन पळतंय. पण रिव्हर्सला बुश लोडखाली स्प्रॉकेटवर घासत फिरतो, चेन सगळ्यात जास्त तिथं झिजते. आमचा नियम, रिव्हर्स दमानं. तसंच कायम एकाच बाजूला वळत राहिलं तर एका बाजूची चेन आधी संपते, म्हणून प्लॉटमध्ये फेऱ्यांची दिशा मधनंमधनं बदलायची.

आता प्रत्यक्ष लेव्हल. पहिल्या गिअरला पातळ थर घेत जायचं, ब्लेड खोल खुपसून मशिनचा दम काढायचा नाही. एकाच चाकोरीतनं लोटलं की दोन्ही बाजूला मातीचे काठ तयार होतात आणि ब्लेडच्या बाजूनं माती सांडत नाही, एका फेरीत जास्त जाते. शक्य असेल तिथं उताराच्या दिशेनं लोटा. पन्नास-साठ मीटरपर्यंत लोटणं परवडतं, त्यापुढं माती न्यायची असेल तर शेतकऱ्याला सरळ सांगायचं की जेसीबी आणि ट्रॉल्या लाव, तुझाच पैसा वाचेल. हलक्या रानात सगळ्यात मोठी काळजी वरच्या मातीची. वर वीतभर चांगली माती आणि खाली मुरूम असलेल्या रानात सरळ कापत गेलं तर निम्मा प्लॉट उघडा मुरूम होतो, आणि मग शेतकरी दोन-तीन वर्षं पिकाच्या नावानं रडतो. म्हणून आधी वरची माती एका बाजूला लोटून ढीग, मग मुरमाची लेव्हल, मग तीच माती परत वर पसरायची. तास जास्त लागतात, पण कामाला नाव मिळतं, पुढच्या गावाचा फोन त्याच प्लॉटकडं बघून येतो. लेव्हल बघायला आम्ही साधी पाण्याची नळी वापरतो आणि पाणी निघून जायला थोडा ढाळ ठेवतो, एकदम आरशासारखं सपाट रान पावसाळ्यात पाणी धरतं.

डिझेल आमच्या मशिनला तासाला दहा ते तेरा लिटर, मुरमात जास्त. संध्याकाळी टाकी फुल करून ठेवतो म्हणजे रात्री टाकीत ओल धरत नाही, आणि सकाळी स्टार्ट करायच्या आधी टाकीच्या खालचा कॉक खोलून साचलेलं पाणी आणि गाळ सोडून देतो. मार्च ते मे धुळीचे दिवस, एअर फिल्टर रोज बघायचा. हवा मारायची तर आतनं बाहेर, आणि दगडावर आपटून झाडायचा नाही, त्यानं कागद फाटतो आणि धूळ थेट सिलिंडरमध्ये. बंद करताना चार-पाच मिनिटं स्लोवर ठेवून मग बंद, ब्लेड कायम जमिनीवर टेकवून. दुरुस्तीला ब्लेडखाली जायचं असेल तर लाकडी ठोकळे लावल्याशिवाय कुणालाही जाऊ देऊ नका, हायड्रॉलिकवर भरवसा नाही.

गैरसोय एकच मोठी, वाहतूक. दोन किलोमीटरवरच्या रानात जायचं तरी लो-बेड ट्रेलर लागतो, डांबरी रस्त्यावर चालवला तर रस्ता पण जातो आणि चेन पण. म्हणून आम्ही एकेका गावाची कामं गोळा करूनच मशिन हलवतो, शेजारशेजारच्या शेतकऱ्यांना एकत्र बसवून नंबर लावतो आणि ट्रेलरचं भाडं त्यांच्यात वाटून घेतो. मधे रस्ता ओलांडायचा असेल तर जुने टायर टाकून त्यावरनं काढतो. ज्याच्याकडं एवढी कामं गोळा होत नाहीत, फक्त स्वतःचं दहा-पंधरा एकर करायचंय, त्यानं विकत घेऊ नये, भाड्यानं बोलवावं. तसंच मालकाला स्वतः खाली झोपून ग्रीस मारायची तयारी नसेल आणि सगळं ऑपरेटरवर सोडायचं असेल तरी घेऊ नये.

काम इकडं ज्वारी निघाल्यावर सुरू होतं आणि पहिला मोठा पाऊस झाला की काळ्या रानातलं संपतं. मग चेन, रोलर धुऊन एकदम स्वच्छ करायचे, मशिन फळ्यांवर किंवा मुरमाच्या कडक जागेवर लावायचं, उघड्या सिलिंडर रॉडला ग्रीस फासायचं, बॅटरीच्या वायरी काढायच्या, सायलेन्सरच्या तोंडावर डबा. चेनच्या प्लेटांचे बोल्ट एकूण एक पान्यानं तपासून घ्या, एक ढिला राहिला तर भोक मोठं होतं आणि मग प्लेटच टाकून द्यावी लागते. महिन्यातनं एकदा बॅटरी जोडून इंजिन चालू करायचं, गरम होऊ द्यायचं आणि मशिन थोडं पुढं-मागं घ्यायचं. आमच्या चेनचं माप ह्या वेळी पलटीच्या जवळ आलंय, ते काम दिवाळीच्या आधी करून घेणार, कारण सीझन तोंडावर आला की वर्कशॉपमध्ये नंबर लागत नाही. कुणी ह्या भागात मशिन बघायला निघालं असेल तर चेनचं माप आणि स्प्रॉकेटचा फोटो टाका, जमेल तसं सांगतो.